एक घाव बसला, माणूस गेला. शिक्षा किती, ते कशावर ठरतं?

शेतकरी बंधूंनो, बांधावरून, पाण्याच्या पाळीवरून, शेजाऱ्याचं जनावर पिकात शिरलं म्हणून होणारी भांडणं तुम्हाला नवी नाहीत. दहापैकी नऊ वेळा ती शिवीगाळीवर मिटतात. एखाद्या वेळी मात्र कुणाच्या तरी हातात खोऱ्याचा दांडा असतो, तो डोक्यात बसतो आणि दुसऱ्या दिवशी जिल्ह्याच्या दवाखान्यातून माणूस गेल्याचा निरोप येतो. मग चावडीवर चर्चा सुरू होते. एक म्हणतो, ‘तीनशे दोन लागलं, आता जन्मठेपच.’ दुसरा म्हणतो, ‘छे, मुद्दाम थोडंच मारलं! पाच-सात वर्षांत सुटेल.’ तिसरा म्हणतो, ‘घरी म्हातारी आई आहे, लहान पोरं आहेत, न्यायाधीश काही बघतील की नाही?’

तिघांच्याही बोलण्यात थोडं थोडं खरं आहे. पण तीन वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरल्या की आरोपीचं घर खोट्या आशेवर बसतं, मयताचं घर उगाच कोर्टावर चिडतं आणि मधल्या काळात जे करायला हवं ते दोन्ही घरांकडून राहून जातं. म्हणून हा विषय जरा सविस्तर घेऊ.

आधी कलमांचे आकडे नीट करून घ्या. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. खुनाच्या शिक्षेचं जुनं ३०२ कलम आता १०३ झालं. खून न ठरणाऱ्या सदोष मनुष्यवधाच्या शिक्षेचं ३०४ कलम आता १०५ आहे. निष्काळजीपणानं झालेल्या मृत्यूचं ३०४-अ आता १०६ मध्ये आलं. घटना त्या तारखेच्या आधीची असेल तर गुन्हा आणि शिक्षा जुन्याच कायद्यानं ठरते, हेही ध्यानात असू द्या.

आता मुद्दा. अशा खटल्यात न्यायालयापुढं तराजू दोन असतात. पहिल्या तराजूत गुन्हा कोणता हे तोललं जातं : खून, की सदोष मनुष्यवध? दुसऱ्यात, सदोष मनुष्यवध ठरलाच, तर वर्षं किती? म्हातारी आई, लहान पोरं, गरिबी, पहिलाच गुन्हा या गोष्टी फक्त दुसऱ्या तराजूत पडतात. पहिल्यात त्यांचं वजन शून्य. घरी दहा पोरं असली तरी खुनाचा सदोष मनुष्यवध होत नाही.

कुत्र्यावरून सुरू झालेलं भांडण

पहिला तराजू कसा चालतो ते आपल्याच महाराष्ट्रातल्या एका खटल्यावरून बघा. फेब्रुवारी २००६ मधली रात्र. नवरा-बायको शेतात पीक राखत होती. वाटेनं तिघे जण चालले होते. शेतकऱ्याचं कुत्रं त्यांच्यावर भुंकलं. एकाच्या हातात लोखंडी पाइप होता, तो त्यानं कुत्र्याला मारला. शेतकऱ्यानं जाब विचारला. शिव्या झाल्या, झोंबाझोंबी झाली आणि तोच पाइप शेतकऱ्याच्या डोक्यात बसला. दोन दिवसांनी तो गेला.

सत्र न्यायालयानं हा खून धरून जन्मठेप दिली. उच्च न्यायालयानं ती कायम केली. प्रकरण दिल्लीला गेलं. मे २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती टी. एस. ठाकूर आणि न्यायमूर्ती ग्यान सुधा मिश्रा यांच्या खंडपीठानं तो सदोष मनुष्यवध ठरवला आणि शिक्षा पाच वर्षं सक्तमजुरीची केली. का? आधीचं वैर नव्हतं. बेत ठरवून कुणी आलं नव्हतं. भांडण जागेवर, अचानक पेटलं. घाव एकच बसला. जीवच घ्यायचा असता तर खाली पडलेल्या माणसावर आणखी घाव घालायला आरोपीला कुणी अडवलं नव्हतं. मयत निःशस्त्र होता म्हणून आरोपीनं गैरफायदा घेतला, हे उच्च न्यायालयाचं म्हणणं सर्वोच्च न्यायालयाला पटलं नाही.

कायद्यात याला खुनाचा अपवाद म्हणतात. असे पाच अपवाद आहेत, पण गावाकडे प्रश्न येतो तो मुख्यतः तिघांचा : गंभीर आणि एकाएकी झालेली चिथावणी, स्वतःचा किंवा मालमत्तेचा बचाव करताना मर्यादा ओलांडली जाणं, आणि पूर्वतयारीशिवाय एकाएकी झालेली हातघाई.

२००६ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयानं हे सगळं ओळीनं मांडलं आहे. कुणी झाडाचं फळ तोडलं, गुरू चुकून रानात आलं, पोरापोरांचं भांडण झालं, एखादा शब्द उणा गेला, अशा किरकोळ कारणांवरूनही माणसं मरतात, हे त्या निकालात न्यायाधीशांनीच नोंदवलं आहे. दिल्लीत बसूनही त्यांना गाव कळतं, असं वाचताना वाटतं. अशा वेळी काय पाहायचं? हत्यार कसलं होतं. ते घरून आणलं की जागेवर पडलेलं उचललं. घाव शरीराच्या कुठल्या भागावर आणि किती जोरानं घातला. घाव एक की अनेक. आधीचं वैर होतं का. वाट अडवून बसले होते की सहज गाठ पडली. चिथावणी कुणी दिली. समोरच्याच्या असहायतेचा फायदा घेतला का, क्रूरपणा केला का. यातली कुठलीही एक गोष्ट एकटी निकाल लावत नाही. सगळ्यांचं मिळून चित्र उभं राहतं.

एक फरक इथं विशेष ध्यानात घ्या. पाणी देताना हातात असलेलं खोरं आणि भांडण झाल्यावर घरी जाऊन आणलेली कुऱ्हाड, जखम दोन्हींची सारखी असेल. न्यायालयाच्या लेखी मात्र दोन्हींत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. घरी जाऊन परत येण्यात जी दहा-वीस मिनिटं जातात, ती आरोपीच्या विरोधात बोलतात.

चावडीवरचे चार गैरसमज

‘एकच घाव घातला, म्हणजे खून नाही.’ असं नाही बरं का. १९५८ साली पंजाबच्या एका खटल्यात भाल्याचा एकच वार पोटात बसला होता. न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी लिहिलेल्या त्या निकालात खूनच कायम झाला. जी जखम करायची म्हणून केली ती सर्वसाधारणपणे माणूस मरायला पुरेशी असेल, तर ‘मारून टाकायचं नव्हतं’ हे म्हणणं चालत नाही.

‘हातपायच मोडायचे होते हो, जीव घ्यायचा नव्हता.’ हेही बऱ्याचदा ऐकू येतं, विशेषतः गटबाजीच्या गावात. आंध्रातल्या तेव्हाच्या गुंटूर जिल्ह्यातल्या रोंपिचेर्ला गावाचं प्रकरण यावर उत्तर देतं. दोन गटांचं जुनं वैर. एका गटाच्या पाच जणांनी पंचावन्न वर्षांच्या माणसाला गाठून जड काठ्यांनी हातापायांवर बेदम मारलं. डोक्याला, छातीला हात लावला नाही. हाडं मोडली आणि तो माणूस गेला. उच्च न्यायालयानं सदोष मनुष्यवध धरला होता. सर्वोच्च न्यायालयानं १९७६ साली तो बदलून खूनच ठरवला. इतक्या माणसांनी, ठरवून, इतक्या ठिकाणी हाडं मोडली तर मरण येणारच, हे उघड होतं.

‘राग आला होता.’ राग आला हे खरंच असेल, पण राग किती वेळ टिकला हे न्यायालय घड्याळ लावून मोजतं. नानावटी खटला जुन्या माणसांना आठवत असेल. १९५९ साली मुंबईत नौदलाच्या कमांडर नानावटींनी पत्नीच्या मित्राला गोळी घातली. पत्नीनं कबुली दिल्यानंतर त्यांनी तिला आणि मुलांना सिनेमाला सोडलं, जहाजावर जाऊन रिव्हॉल्व्हर घेतलं आणि मग त्या माणसाचं घर गाठलं. मधे तीनेक तास गेले. चिथावणी मोठी होती, पण डोकं थंड व्हायला वेळही पुरेसा होता, असं म्हणून सर्वोच्च न्यायालयानं १९६१ साली जन्मठेप कायम केली. पुढं १९६४ मध्ये राज्यपालांनी माफी दिली, ती गोष्ट वेगळी. माफी हा सरकारचा अधिकार, न्यायालयाचा तराजू नव्हे.

‘प्यालेला होता, भानावर नव्हता.’ हा गैरसमज सगळ्यांत घट्ट बसलेला आहे. १९५६ चा एक निकाल आहे. तेव्हाच्या पेप्सू राज्यातल्या, म्हणजे आजच्या पंजाबकडच्या, एका गावात लग्नाच्या पंगतीला आलेल्या निवृत्त जमादारानं पंधरा-सोळा वर्षांच्या पोराला सरकून बस म्हटलं. पोरगा सरकला नाही. त्यानं पिस्तूल काढून पोराच्या पोटात गोळी घातली. तो भरपूर प्यालेला होता हे मान्य झालं, तरी खुनाची शिक्षा सुटली नाही. आपल्या हातानं घेतलेली दारू बचाव होत नाही, आणि प्यालेल्या माणसालाही शुद्धीतल्या माणसाइतकी जाणीव होती असंच कायदा धरून चालतो.

वर्षं कशी ठरतात?

आता दुसरा तराजू. कलम १०५ चे दोन भाग आहेत. जीव घेण्याचा, किंवा जिच्यामुळं जीव जाण्याचा संभव आहे अशी इजा करण्याचा हेतू होता, पण अपवादामुळं तो खून ठरला नाही, तर पहिला भाग. त्यात जन्मठेप किंवा पाच ते दहा वर्षं आणि शिवाय दंड. ही पाच वर्षांची खालची मर्यादा नव्या कायद्यानं घातली. जुन्या ३०४ मध्ये ती नव्हती. हेतू नव्हता, पण यानं माणूस मरू शकतो एवढी जाणीव होती, तर दुसरा भाग : दहा वर्षांपर्यंत कैद आणि दंड. इथं खालची मर्यादा नाही. म्हणजे न्यायाधीशांच्या हातात काही महिन्यांपासून दहा वर्षांपर्यंतची मोकळी जागा आहे, आणि ती कशी भरायची याचं छापील कोष्टक आपल्या देशात नाही. म्हणून एका जिल्ह्यात तीन वर्षं आणि दुसऱ्या जिल्ह्यात सात, असा फरक दिसतो. मला विचाराल तर हा फरक लोकांच्या मनात जेवढा संशय निर्माण करतो तेवढा पैशाचाही व्यवहार करत नसेल.

या मोकळ्या जागेत काय काय पडतं? आरोपीचं वय. आधीचा गुन्हा आहे की नाही. जखमीला टाकून पळाला की गाडी करून दवाखान्यात घेऊन गेला. स्वतः ठाण्यात हजर झाला की महिना-दोन महिने सापडलाच नाही. खटला किती वर्षं चालला आणि तेवढ्या काळात त्याचं वागणं कसं होतं. घरात दुसरं कुणी कमावतं आहे का. दुसऱ्या बाजूला मयत म्हातारा होता का, बाई होती का, एकटा होता का, मागं कोण राहिलं, हेही पडतं. दवाखान्यात नेणं आणि हजर होणं या दोन गोष्टी इतरांहून वेगळ्या आहेत, कारण त्या वकिलाला नंतर तयार करता येत नाहीत. त्या रात्रीच घडतात किंवा घडत नाहीत.

दोषी ठरवल्यावर शिक्षा सांगण्याआधी न्यायाधीशांनी आरोपीला शिक्षेबाबत ऐकलंच पाहिजे. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ही तरतूद आली. आता ती नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २५८ मध्ये आहे. १९७६ साली असं ऐकणं झालं नाही म्हणून पंजाबचं एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयानं परत पाठवलं होतं. त्या निकालात न्यायालयानं स्पष्ट केलं की ऐकणं म्हणजे दोन शब्द बोलू देणं नव्हे. कागद, पुरावा आणायची संधीही त्यात येते. प्रत्यक्षात काय होतं? ‘गरीब आहे साहेब, लहान मुलं आहेत, दया करावी’, एवढं एक वाक्य नोंदवलं जातं आणि विषय संपतो. सातबारा, रेशन कार्ड, आईच्या आजाराचे कागद, जखमीला नेलं त्या गाडीवाल्याची साक्ष, यातलं काहीच कुणी घेऊन येत नाही. ज्याला वकील परवडत नाही त्यानं जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. कोठडीतल्या आरोपीला १९८७ च्या कायद्यानं मोफत वकील मिळतो.

आणखी एक गोष्ट, वकिलांना कदाचित आवडणार नाही. पुष्कळ खटल्यांत बचाव असा असतो की आरोपी तिथं नव्हताच. साक्षीदारांना फितूर करण्याची खटपटही त्यासाठीच चालते. पण ‘मी तिथं नव्हतो’ म्हटल्यावर ‘आधी त्यानं मारलं, मग माझा तोल गेला’ हे सांगायला तोंड उरत नाही. अपवाद दाखवायची जबाबदारी आरोपीवर असते. सरकार पक्षाच्याच साक्षीतून अपवाद दिसला तर न्यायालय तो धरू शकतं, पण ते साक्षीदारच फितूर झाले तर ते काय सांगणार? खोट्या साक्षीनं मयताचं घर बुडतंच, कधी कधी आरोपीच्या बाजूचं खरंही त्यातच वाहून जातं.

तडजोडीबद्दलही स्पष्ट सांगायला हवं. सदोष मनुष्यवधाचा गुन्हा आपसात मिटवता येत नाही. २००७ मध्ये सुरू झालेल्या तंटामुक्त गाव मोहिमेतही बांधाचे, वाटेचे, किरकोळ मारहाणीचे तंटे मिटवायचे होते. माणूस गेल्यावर समितीला अधिकार राहत नाही. दोन्ही घरांत समेट झाला असेल तर न्यायालय शिक्षा ठरवताना तो लक्षात घेऊ शकतं, घेईलच असं नाही. पैसे दिले म्हणजे सुटलो, हेही नाही. २००६ मध्ये मुंबईत वांद्र्याला फुटपाथवर झोपलेले सात मजूर गाडीखाली गेले. त्या खटल्यात भरपाईचे पैसे भरूनही सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये तीन वर्षांची शिक्षा कमी केली नाही. उलट ती फारच थोडी आहे, पण सरकारनं अपील केलेलं नाही, असं नोंदवलं. पिऊन ट्रॅक्टर हाकणाऱ्यांनी हा निकाल माहीत करून घ्यावा.

रानडुकरांसाठी कुंपणात थेट लाइट सोडणाऱ्यांनीही. आपल्या शौचालयाभोवती उघडी तार लावून तीत वीज सोडणाऱ्या बिहारमधल्या एका इसमाला, शेजारची बाई तिला चिकटून मेली तेव्हा, ‘ती माझ्या जागेत घुसली होती’ असं म्हणून सुटता आलं नाही. १९६३ सालचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे तो. विनापरवाना आत आलेला माणूस मारायला मोकळा ठरत नाही. तिथं निष्काळजीपणाचं कलम लागलं होतं; आज अशा कुंपणाच्या प्रकरणांत पोलीस सदोष मनुष्यवधाचा गुन्हाही नोंदवतात, कारण तारेत थेट वीज आहे आणि वाटेनं माणसं जातात याची जाणीव मालकाला असतेच. सौर झटका मशीन महाग वाटतं खरं, पण वकिलाची फी त्याहून जास्त असते.

पोलीस पाटील, ग्रामपंचायत आणि मयताचं घर

पोलीस पाटलांनो, खबर देणं हे तुमचं काम १९६७ च्या ग्रामपोलीस अधिनियमात लिहिलेलंच आहे. पण त्या पहिल्या तासात तुम्ही काय पाहिलं आणि काय राखलं, यावर दोन्ही तराजू हलतात. दांडा कुठं पडला होता, तो कुणाच्या शेतातला, आरोपीच्या अंगावरही मार होता का, जखमीला कुणी उचललं, किती वाजता. आरोपीच्या अंगावरच्या जखमांची वैद्यकीय तपासणी झाली नाही तर ‘हातघाई दोन्हीकडून झाली’ याला आधार राहत नाही. पंचनाम्यावर सही करणाऱ्या पंचांनी तो वाचून, ऐकून सही करावी. ‘साहेबांनी सांगितलं म्हणून केली’ असं उलटतपासणीत सांगण्यात काय शोभा?

आरोपी अठराच्या आतला वाटत असेल तर शाळेचा दाखला, तो नसेल तर ग्रामपंचायतीची जन्मनोंद काढून ठेवा. तसं ठरलं तर प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जातं, सगळी वाटच बदलते. नोंदवहीत मागाहून खाडाखोड करून कुणाचं भलं होत नाही. ती लगेच उघडी पडते.

आणि मयताचं घर. त्यांच्याकडे तेराव्यानंतर कुणी फिरकत नाही. वर सांगितलेल्या २०१३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सगळ्या न्यायालयांना बजावलं की दोषी ठरवल्यावर मयताच्या कुटुंबाला भरपाई द्यायची की नाही याचा विचार झालाच पाहिजे आणि त्याची कारणं निकालात लिहिली पाहिजेत. हे कलम आता ३९५ आहे. आरोपी कफल्लक असेल, सापडलाच नसेल, तरी कलम ३९६ खाली सरकारी योजनेतून भरपाई मागता येते; अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे, जिल्हा न्यायालयाच्या आवारातच करायचा. विधवेला तो भरून द्यायला एखादा शिकलेला पोरगा बरोबर गेला तरी काम होतं.

अपिलाचं मात्र नीट समजून घ्या. आरोपी सुटला, खुनाऐवजी कमी गुन्हा ठरला किंवा भरपाई थोडी मिळाली, तर मयताचे वारस स्वतः अपील करू शकतात. पण शिक्षेची वर्षं कमी पडली एवढ्याच कारणावर अपील करायचा हक्क त्यांना नाही, तो सरकारला आहे. म्हणून निकालाची नक्कल हाती पडताच सरकारी वकिलांकडे लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. मुदत निकालाच्या तारखेपासून धावू लागते, दिवसकार्य संपायची वाट ती पाहत नाही.